जळालेल्या मोटरची साक्ष : घरच्या कारखान्यातील वीज, मोटर आणि पट्टा यांचे बिघाड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मोटर, पट्टा आणि फ्यूज यांविषयी बोलणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. साहित्य, शिक्षण, संतवाङ्मय असे विषय या व्यासपीठाला अधिक शोभतात, हे मी जाणतो. परंतु गुरुजी आम्हांला हस्तव्यवसाय शिकवीत, आणि त्यांच्यापासून मी जे काही शिकलो ते रंधा, कानस आणि पक्कड यांच्या संगतीतच शिकलो. शिवाय समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी एखादे यंत्र आहे. कोणाची पडवीत पिठाची चक्की आहे, कोणाकडे वेल्डिंग आणि ग्राइंडर आहे, कोणी निवृत्तीनंतर हौसेने लहानसा लेथ घेतला आहे. अशा यंत्राने ऐन वेळी दगा दिला म्हणजे काय करावे, एवढाच माझा विषय आहे. व्याख्यानात फळ्यावर काढलेल्या आकृत्या या पुस्तिकेत देता आल्या नाहीत; म्हणून तो भाग येथे शब्दांनी थोडा विस्ताराने मांडला आहे.

एक खुलासा भाषेविषयी. आपले तिगाव नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला. तरी मोटर बिघडली की आपली पावले अजून नागपूरकडेच वळतात. विजेचे बिल हिंदीत, मोटरवरची पाटी इंग्रजीत आणि मिस्त्रीशी बोलणे मराठीत, अशी आपली त्रिवेणी आहे. म्हणून मी पारिभाषिक शब्दांच्या वाटेस फारसा जाणार नाही. कॅपॅसिटरला आपण कंडेन्सर म्हणतो, मीही तेच म्हणेन.

आता मूळ प्रसंग सांगतो. चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र हाती पडून वर्षही झाले नव्हते आणि विजेच्या बाबतीत पंचक्रोशीत आपल्याइतके कोणाला कळत नाही, अशी माझी समजूत होती. गावात एक सुतारकाका होते. त्या काळी संत्रे लाकडी पेट्यांतून बाहेर जाई. काका घराच्या मागच्या छपरीत गोल करवतीवर फळ्या चिरून त्या पेट्या करीत. करवतीला तीन अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर होती आणि दोन व्ही-पट्टे होते. आंबिया बहाराचा माल तुटावयास लागला, पेट्यांची मागणी वाढली, आणि नेमका तेव्हा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले वारंवार सुटू लागला. फळी निम्मी चिरली की मोटर बंद. काकांनी मला बोलाविले.

मी टेस्टर लावून पाहिला. तिन्ही फेजवर दिवा लागत होता. तेव्हा पुरवठ्यात दोष नाही, रिलेच नाजूक आहे, असा निष्कर्ष मी पाच मिनिटांत काढला. तो काढून त्याहून मोठ्या आकड्याचा रिले बसविला आणि त्याची खुंटी दहा अँपिअरवर नेऊन ठेवली. मोटरच्या पाटीवर पावणेपाच अँपिअर लिहिलेले होते. काका खूष झाले. तिसऱ्या दिवशी मोटर जळाली.

मी ती वाइंडिंगला टाकली, भरून आणली, बसविली. आठ दिवसांत पुन्हा जळाली. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि गुरुजींकडे गेलो. वाइंडिंग करणाऱ्याने तार वाईट वापरली असावी, असे मी त्यांना सांगितले. गुरुजींनी एवढेच विचारले, "मोटर उघडून आत पाहिलंस, की नुसती पोचती केलीस?"

मी नुसती पोचती केली होती. दोन्ही वेळा.

ती मोटर आम्ही शाळेच्या कार्यशाळेत उघडली. आतल्या वर्तुळात गुंडाळ्यांचे गट ओळीने बसविलेले असतात. त्यांतले दोन गट कोळशासारखे काळे, तिसरा जवळजवळ नवा, पुन्हा दोन काळे, एक स्वच्छ, असे वर्तुळभर. हा नक्षीचा नमुना पाहिल्यावर पुढे शोधण्यासारखे फारसे उरत नाही. स्टार जोडणीच्या मोटरचा एक फेज तुटला की उरलेल्या दोन फेजांच्या गुंडाळ्यांतून सगळा प्रवाह जातो, आणि भार तेवढाच राहिला तर तो नेहमीच्या सुमारे पावणेदोन पट होतो. त्या दोन जळतात, तिसरी वाचते. डेल्टा जोडणीत याच्या उलट दिसते : एक फेजाच्या गुंडाळ्या काळ्या, दोन फेजांच्या चांगल्या. सगळ्या गुंडाळ्या सारख्याच करपल्या असतील तर भार जास्त होता, दाब कमी होता किंवा पंख्याची जाळी भुश्याने बुजली होती. आणि एकाच खाचेत काळा डाग असेल तर तेथले आवरण फुटले आहे, किंवा बेअरिंग झिजून आतला रोटर घासला आहे. वाइंडिंगवाला जुनी तार काढून फेकतो तेव्हा ही सर्व साक्ष तिच्याबरोबर जाते. पहिल्या वेळी मी ती फेकू दिली होती.

फेज तुटत होता मेन स्विचजवळच्या किटकॅट फ्यूजमध्ये. फ्यूजची तार शाबूत होती. परंतु चिनी मातीच्या त्या खोबणीतली पितळी पकड तापून तापून सैल झाली होती. करवत रिकामी फिरताना ती कशीबशी प्रवाह वाहून नेई. फळी लावली, प्रवाह वाढला, की सोडून देई. मग माझा टेस्टर तिन्ही टोकांवर कसा लागला? याचे कारण मला त्या दिवशी कळले, आणि आजही चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांना ते सांगावे लागते. फिरत असलेली थ्री-फेज मोटर तुटलेल्या फेजाच्या टोकावर स्वतःच दाब निर्माण करते. टेस्टरच्या निऑन दिव्याला लागणारा प्रवाह तर नाममात्र असतो. तेव्हा टेस्टर लागला याचा अर्थ तेथे धक्का बसू शकतो एवढाच. तेथून यंत्र चालविण्याइतकी वीज येते असा त्याचा अर्थ होत नाही. रिले जे सुटत होते ते याच दोषामुळे. ते खरे सांगत होते आणि मी त्याचे तोंड बंद केले होते.

काकांचे त्या हंगामातले काम दुसऱ्या गावच्या सुताराकडे गेले. दुसऱ्या वाइंडिंगचे पैसे काकांना मी द्यावेत असे गुरुजींनी सांगितले, आणि चूक माझी होती हेही त्यांच्यासमोर उभे राहून बोलावयास लावले. पैसे मी चार हप्त्यांत फेडले. पेट्यांचे गिऱ्हाईक मात्र काकांकडे पूर्वीसारखे परतले नाही.

त्यानंतर मी जी रीत पाळत आलो ती सांगतो. यंत्र ही एक साखळी आहे. खांबावरून वीज मीटरमध्ये येते, तेथून फ्यूज आणि स्विच, मग स्टार्टर, मग मोटर, मग पुली आणि पट्टा, आणि शेवटी प्रत्यक्ष काम करणारे यंत्र. साखळी एका टोकापासून तपासत जाण्यापेक्षा ती मध्ये तोडावी. तोडण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे पट्टा. स्विच बंद करून, किटकॅट काढून ती स्वतःच्या खिशात ठेवून, पट्टा उतरवावा. खिशात ठेवण्याचे कारण उघड आहे; आपण वाकलेलो असताना घरातले कोणी येऊन ती पुन्हा लावू नये. मग यंत्राची पुली हाताने फिरवून पाहावी. ती जड फिरली, अडखळली, तर दोष पट्ट्याच्या पलीकडे, म्हणजे यंत्रात आहे. चक्कीचे पाट एकमेकांस टेकलेले असतात, लेथच्या बेअरिंगला तेल मिळालेले नसते, करवतीचे पाते वाकलेले असते. पुली हलकी फिरत असेल तर मोटरचा दांडा फिरवावा, वरखाली हलवून पाहावा. तो खटखटला तर बेअरिंग गेले. त्यानंतर किटकॅट लावून मोटर एकटी चालवावी. पाच मिनिटांत निम्मी साखळी निर्दोष ठरते आणि शोधावयाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

एकटी चाललेली मोटर प्रवाह किती घेते हे टाँग टेस्टरने पाहावे. तार न तोडता, नुसता चिमटा घालून प्रवाह मोजता येतो. लहान थ्री-फेज मोटर रिकामी असतानाही पूर्ण भाराच्या जवळजवळ निम्मा प्रवाह घेते. त्याने दचकू नये. पाहावयाचे ते हे की तिन्ही तारांतला आकडा सारखा आहे किंवा नाही. एका तारेत शून्य आणि दोन तारांत फुगलेला, असे दिसले की सुतारकाकांची गोष्ट आठवावी. मग मल्टिमीटरची एक सळी फ्यूजच्या येणाऱ्या टोकाला आणि दुसरी जाणाऱ्या टोकाला लावून, यंत्र भारावर चालू असताना दाब मोजावा. चांगल्या फ्यूजवर, चांगल्या स्विचवर, स्टार्टरच्या चांगल्या कॉन्टॅक्टवर हा दाब शून्याच्या जवळ येतो. जेथे पाच-दहा व्होल्ट दिसतात तेथे जागा तापते आहे. जेथे शेकड्यांत दिसतात तेथे मार्ग तुटला आहे. हे मोजमाप जिवंत तारेवर होते, तेव्हा पायात कोरडी चप्पल, एक हात पाठीमागे आणि जवळ एक जाणते माणूस असावे. ज्याला सवय नाही त्याने ते करू नये.

मल्टिमीटर नसेल तर टेस्ट लॅम्प घ्यावा. थ्री-फेजसाठी दोनशे वॅटचे दोन दिवे एकापुढे एक जोडावे लागतात, कारण दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि एका दिव्याची सहनशक्ती २३० व्होल्टची. टेस्टरप्रमाणे हा दिवा फसत नाही. त्याला जळण्यासाठी खरोखरीचा प्रवाह लागतो, आणि सैल पकड त्याच्या मंद उजेडात उघडी पडते.

घरातल्या बहुतेक यंत्रांना मात्र सिंगल-फेज मोटर असते आणि तिची सर्वांत सामान्य तक्रार एकच : गुणगुणते, पण फिरत नाही. एका फेजाच्या गुंडाळीत चुंबकत्व नुसते धडधडते. ते दांड्याला कोणत्याच दिशेने ढकलीत नाही. म्हणून दुसरी, सुरुवातीची गुंडाळी द्यावी लागते आणि तिच्यातला प्रवाह मागेपुढे करण्यासाठी कंडेन्सर. पट्टा उतरवून, दांड्याला दोरी गुंडाळून लट्टूसारखा झटका द्यावा आणि दोरी पूर्ण सुटल्यावर स्विच लावावा. ज्या दिशेने झटका दिला त्या दिशेने मोटर धावली, उलट झटका दिल्यावर उलटी धावली, तर मुख्य गुंडाळी चांगली आहे. दोष कंडेन्सरमध्ये, सुरुवातीच्या गुंडाळीत किंवा मोटरच्या आत बसविलेल्या केंद्रोत्सारी स्विचमध्ये आहे. हा स्विच वेगाच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर सुरुवातीची गुंडाळी तोडतो. मोटर बंद केल्यावर वेग उतरताना आतून 'टक्' असा आवाज येतो तो त्याचा. तो आवाज येईनासा झाला तर समजावे की स्विच चिकटला आहे, आणि लवकरच कंडेन्सर फुटेल किंवा गुंडाळी जळेल. बाजारात लोक कंडेन्सर बदलतात, तो पंधरा दिवसांत पुन्हा फुगतो, पुन्हा बदलतात. दोष स्विचमध्ये असतो आणि शिक्षा कंडेन्सरला होते. कंडेन्सर वीज बंद केल्यावरही भारलेला राहू शकतो. त्याची टोके पेचकसाने जोडून ठिणगी काढण्याची आपल्याकडे एक मर्दुमकी आहे, ती सोडावी. साधा शंभर वॅटचा दिवा टोकांना लावला की तो सुरक्षितपणे रिता होतो.

दाबाविषयी थोडे. गहू आणि संत्र्याच्या ओलितासाठी जेव्हा शिवारातले सगळे पंप एकदम चालतात, तेव्हा गावातला दाब उतरतो. मोटरची ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब शेकडा ८० झाला तर ओढ शेकडा ६४ वर येते. मोटर मंदावते, प्रवाह वाढतो, गुंडाळ्या तापतात. अशा वेळी यंत्र दुरुस्तीला काढण्यात अर्थ नसतो; रात्री, पंप बंद असताना ते चालवून पाहावे. रात्री नीट चालले तर दोष आपल्या घरात नाही.

आता पट्टा. याकडे आपण अन्यायाने दुर्लक्ष करतो. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी आवळला जाऊन काम करतो. त्याचा तळ खाचेला टेकता कामा नये. खाचेचा तळ चकचकीत दिसू लागला की पट्टा किंवा पुली झिजली. घसरणाऱ्या पट्ट्याला राळ लावणे हा जुना इलाज एक दिवसाचा आहे. दुसऱ्या दिवशी तीत भुसा बसतो. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदलावेत, नाहीतर नवा आखूड पट्टा सगळा भार घेतो आणि जुना नुसता हिंडतो. ताण किती असावा? दोन पुल्यांमध्ये एक मीटर अंतर असेल तर मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर सुमारे दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून आवळला तर बेअरिंग तापते, आणि मोटर जास्त प्रवाह घेते म्हणून आपण वीज तपासत बसतो. दोन पुल्या एका रेषेत आहेत का हे पाहण्यास सुतळी पुरे. ती दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणून धरावी. चारही जागी टेकली पाहिजे.

वेगाचे गणितही येथेच येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. चार ध्रुवांच्या मोटरचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि दांडा थोडा मागे राहून १४४० च्या आसपास फिरतो. मोटरवर ४ इंची आणि यंत्रावर ८ इंची पुली असेल तर यंत्र ७२० फेरे घेईल. चक्की जलद दळावी म्हणून मोटरवर ५ इंची पुली चढविणारे पुष्कळ आहेत. वेग ९०० होतो हे खरे. पण त्या प्रमाणात मोटरवरचा भारही वाढतो, आणि तिची अश्वशक्ती तेवढीच राहते.

रोहित्राची दुरुस्ती झाल्यावर कधी कधी दोन फेज अदलाबदल होतात आणि सगळ्या गावाच्या थ्री-फेज मोटरी उलट्या फिरतात. पंपाचे पाणी कमी पडते एवढ्यावर निभावते. परंतु जुन्या लेथचा चक आट्यांनी बसविलेला असतो; मोटर उलटी सुरू झाली की तो सुटून अंगावर येऊ शकतो. गोल करवतीच्या पात्याच्या नटाचेही तेच. म्हणून वीज जाऊन दुरुस्ती होऊन आली की प्रथम पट्टा उतरवून दिशा पाहावी.

अलीकडे व्हीएफडी नावाची पेटी हौशी कारागिरांकडे दिसू लागली आहे. ती सिंगल-फेज घेते, थ्री-फेज देते आणि वेगही बदलते. मला ती आवडते. तथापि तिच्याबद्दल तीन तक्रारी माझ्याकडे वारंवार येतात. पहिली, मोटरला जोर नाही. आपल्याकडच्या तीन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात, आणि २३० व्होल्ट घेणारी पेटी २३० च्या वर देऊ शकत नाही. म्हणून मोटर डेल्टात जोडावी लागते. बाहेर सहा टोके असतील तर हे पाच मिनिटांचे काम आहे. तीनच असतील तर आतली गाठ वाइंडिंगवाल्याकडून सोडवून घ्यावी. दुसरी, मोटर तापते. वेग कमी केला की तिच्याच दांड्यावरचा पंखाही मंदावतो, हे लक्षात येत नाही. तिसरी, पेटी वारंवार बिघडते. बहुधा कोणीतरी पेटी आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्विच तसाच ठेवलेला असतो आणि चालू असताना तो उघडतो. मोटर पेटीच्याच बटणाने बंद करावी. पेटी उघडावयाची असल्यास वीज तोडून दहा मिनिटे थांबावे. तिच्यातले कंडेन्सर मोटरवरच्या कंडेन्सरपेक्षा किती तरी घातक असतात.

धक्क्याविषयी स्वतःचा एक अनुभव सांगितला पाहिजे. एका घरी ग्राइंडरचा स्विच बंद होता, ग्राइंडर बंद होता, आणि मी टर्मिनलला हात लावला. शुद्धीवर आलो तेव्हा अंगणात होतो. स्विच फेजमध्ये न बसविता न्यूट्रलमध्ये बसविला होता. यंत्र थांबत असे, वीज तेथेच राहत असे. अर्थिंगची तारही कापून टाकलेली, कारण 'ती लावली की फ्यूज जातो' असे घरच्यांचे म्हणणे होते. फ्यूज जात होता कारण यंत्राच्या अंगात वीज उतरत होती. घरच्या कारखान्यात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि तो सुटू लागला तर काढून टाकू नये. मी रिलेचे काय केले ते वर सांगितलेच आहे.

आपल्या शाळेच्या कार्यशाळेतल्या ड्रिल मशीनच्या पत्र्यावर गुरुजींनी पांढऱ्या रंगाने तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या : यंत्र चांगले चालत असताना तिन्ही तारांत मोजलेला प्रवाह, पट्ट्याचा क्रमांक आणि शेवटचे ग्रीस घातल्याची तारीख. आम्ही विद्यार्थी त्याला हसत असू. पुढे मी ज्या ज्या घरी यंत्र बसविले तेथे जाण्यापूर्वी रंगाची लहान डबी आणि बारीक कुंचला पिशवीत टाकू लागलो. सुतारकाकांच्या करवतीवरही ते आकडे मीच लिहिले. करवत आता त्यांच्या नातवाकडे आहे. पट्टे बदलले, मोटरही बदलली, म्हणून गेल्या पावसाळ्यात जुने आकडे खरवडून नवे लिहून आलो.